उजवीकडून उचला

हे मला आत्ताच लिहायचंय. घरी जाऊन, जेवून, निवांत लिहिते म्हटलं तर मी लिहिणार नाही, मला माझी सवय माहितीय. म्हणून लॅबमध्येच स्टुलावर बसून मोबाईलवर टाइप करायलेय. अक्षरं इकडची तिकडं झाली तर समजून घ्या.

झालं असं की आज अकरावीला स्नायूंचा धडा होता. कपाटातून ते लाकडी मॉडेल काढलं, टेबलावर ठेवलं, खालची दोरी ओढली. दोन्ही टोकांचे हातभर लांब कंगवे सरकत सरकत मधे आले आणि वर्ग गप्प झाला. कंगवे सरकले की पोरं गप्प होतातच. मग पहिल्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "म्याडम, हे तुम्ही बनवलंय?"

मी फळ्यावर लिहीत होते. मान न वळवता म्हणाले, "हो."

तास संपला, पोरं गेली, आणि मी अजून इथंच बसलेय. कारण ते मी बनवलेलं नाही. ते मामांनी बनवलंय.

मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. पन्नाशीचे असतील, काटक, उन्हानं रापलेले. डोक्यावर केस नावाला उरलेले, पण शर्टाच्या खिशात कायम दोन कंगवे, एक निळा, एक काळा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसूच आलं होतं. कोणी विचारलं की मामा टकलावर हात फिरवायचे आणि म्हणायचे, "हे डोक्यासाठी न्हाईत, डोक्यात घालण्यासाठी हायेत."

मग ते दोन्ही कंगवे काढायचे. दात समोरासमोर धरायचे, टोकं थोडी एकमेकांत अडकवायचे आणि हळूच आत ढकलायचे. पाठी जवळ यायच्या, दात एकमेकांत शिरायचे.

"बगा. एकूण लांबी कमी झाली का? झाली. आता दात आखूड झाले का? न्हाई. दात तेवढेच. सरकलं फक्त."

झालं, स्नायू आकुंचन पावला. पुस्तकात याला अडीच पानं लागतात.

हे ते कोणालाही सांगायचे, अगदी कोणालाही. एकदा फाटकाजवळ रिक्षावाल्याला सांगताना बघितलंय मी. रिक्षावाला म्हणाला, "मामा, मला वसमत रोडला जायचंय." मामा म्हणाले, "जा की. पण किक मारताना ध्यानात ठेव, आत काय सरकायलंय."

माझी त्यांची ओळख याच धड्यावर झाली. तीन वर्षांपूर्वी मी इथं तासिकेवर लागले, म्हणजे जेवढे तास तेवढंच आपण कॉलेजचे, बाकी वेळ कोणाचे नाही. पहिलाच तास स्नायूंचा. आदल्या दिवशी घोकून गेले होते. अॅक्टिन, मायोसिन, सार्कोमिअर, झेड रेषा, धडाधड बोलत गेले. मला बोलायला लागलं की थांबता येत नाही, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. पोरं लिहून घेत होती. मला वाटलं, काय भारी शिकवलं.

पोरं गेल्यावर मामा फळा पुसायला आले. फळा पुसता पुसता, पाठ माझ्याकडं, म्हणाले, "म्याडम, पोराला काय बी कळलं न्हाई."

मला राग आला. म्हटलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"ज्याला कळतंय ते पोरगं मधेच स्वतःचा दंड चाचपतंय. एकानं बी हात लावला न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी बघितलं. खरंच, तसंच असतं. ज्याला कळतं त्याचा हात आपोआप दंडावर जातो. आता मी रोज तेच बघते.

मामा दहावीपर्यंत शिकलेले. वीसेक वर्षं याच लॅबच्या दारात उभं राहून त्यांनी दर वर्षी तोच धडा ऐकला, वेगवेगळ्या सरांकडून. कोणत्या सरांनी कुठं चूक केली होती तेही त्यांना पाठ. ते कॉलेजचे नव्हते, ठेकेदाराचे होते. ठेकेदार बदलायचे, मामा तेच राहायचे. किल्ल्या त्यांच्याकडं, स्टोअररूम त्यांची, बरण्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांच्या हातच्या. बेडूक, गांडूळ, झुरळ, प्रत्येकाचं नाव काय सुंदर अक्षरात लिहिलेलं, छापल्यावानी.

मला हे सगळं त्यांनीच शिकवलं, एम.एस्सी. झालेल्या मला. एकदा डब्यात शिजवलेली कोंबडीची तंगडी घेऊन आले. मला वाटलं जेवायला बोलवायलेत. काचेच्या ताटलीत ठेवली आणि सुई दिली हातात. "उकला."

सुईनं उकललं तर मांसाचे लांब लांब जुडगे निघाले. जुडग्यातून बारीक धागे.

"आता दोर आठवा," मामा म्हणाले. "आमच्या घरी, गंगाखेडकडं राणीसावरगावला, दोर वळायचे. मी बारका होतो तवा आईसंगं बसायचो. अंबाडी भिजवायची, सोलायची, त्याचा वाख निघतो, केसावानी. वाखाची सुतळी. सुतळ्यांचा पेड. तीन पेड एकात वळले की दोर. बैल ओढतो तवा जोर कोणावर येतो? दोरावर? न्हाई, वाखावर येतो. स्नायू तसाच. जुडग्यात जुडगा, जुडग्यात धागा, धाग्यात अजून बारीक धागा. सगळ्यात आत जे हाय त्येच ओढतंय. वरून आपल्याला दंड दिसतो."

मग त्यातलाच एक धागा काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शीखाली दाखवला. आडवे पट्टे, काळा, पांढरा, काळा, पांढरा. "घोंगडीवानी हाय का न्हाई? एक पट्टा म्हणजे एक कंगव्याची जोडी. अशा हजारो जोड्या एकामागं एक. सगळ्या जरा जरा सरकल्या की हात उचलला."

मी त्या दिवशी माझा दंड चाचपला. मामांनी बघितलं आणि तंगडीचा डबा बंद केला.

त्यांच्या चहाचं पण सांगते. मामा बीकरात चहा प्यायचे. शंभर मिलीचं, खास त्यांचं, त्यावर त्यांनीच चिठ्ठी लावलेली, 'चहा'. मला लय भारी वाटायचं ते. मैत्रिणींना फोटो पाठवला होता मी, बघा आमचा खरा सायन्सवाला माणूस. स्टाफरूममध्ये बारा कपांचा सेट होता आणि आम्ही आठ जण होतो, हे मी तेव्हा मोजलं नव्हतं.

आणि कॅल्शियमचा तास. हा तर मी कधीच विसरणार नाही. एका पोरानं विचारलं होतं की स्नायूत कॅल्शियमचं काम काय, आणि मी परत अडीच पानांवर जायला लागले. मामा दारात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभे होते. म्हणाले, "म्याडम, बोलू का?"

"बोला की मामा."

"कॅल्शियम म्हणजे मीच की."

पोरं हसली. मामांनी जुडगा वर धरला.

"हसू नका, ऐका. अॅक्टिन म्हणजे कंगव्याचा दात, त्याला कुलूप लावलेलं असतंय. मायोसिनला तिथं धरायचं असतंय, पण कुलूप हाय तवर काय करता? बसा बोंबलत. मेंदूचा निरोप आला की कॅल्शियम आपल्या स्टोअररूममधून निघतंय, कुलूप काढतंय आणि बाजूला उभं राहतंय. ओढायचं काम मायोसिनचं, नाव बी मायोसिनचं. काम झालं की कॅल्शियम परत स्टोअररूममध्ये. दार लावून घ्यायचं."

मागून एक पोरगं म्हणालं, "मामा, मग कॅल्शियमला काय मिळतं?"

"उद्या परत बोलावतेत की."

सगळा वर्ग हसला. मी पण हसले. लय मोठ्यानं हसले.

तिसरी गोष्ट ते हमखास सांगायचे ती पकड सोडण्याची. "पोरांनो, धरायला काय लागत न्हाई. मायोसिनचं डोकं एकदा चिकटलं की चिकटलं. एटीपी, म्हणजे आतलं इंधन, ते लागतंय सोडायला. खाटकाकडं सकाळी कापलेलं बकरं दुपारी बगा, ताठ. का? एटीपी संपलं. धरलेलं सोडायला आतमध्ये काय उरलंच न्हाई." एवढं बोलून ते हाताची मूठ वळून दाखवायचे आणि एक एक बोट उघडायचे.

आता मुख्य गोष्ट.

मागच्या वर्षी शिक्षकांची एक स्पर्धा निघाली, शिकवायचं साहित्य स्वतः तयार करायचं आणि जिल्ह्याच्या प्रदर्शनात मांडायचं. मी मामांना म्हटलं, आपण तुमच्या कंगव्यांचं मोठं मॉडेल करू. त्यांचे डोळे असे चमकले. मोडक्या बाकाची फळी घेतली. प्लायवूडचे दोन मोठे कंगवे करवतीनं कापले, एक एक दात पॉलिशपेपरनं घासला. मधे मायोसिन म्हणून परीक्षानळ्या धुवायचे झिजलेले ब्रश लावले, त्यांचे केस म्हणजे मायोसिनची डोकी. कंगवे परत मागं न्यायला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. खाली दोरी, ती पण बाजारातली नाही, त्यांच्या आईनं वळलेली. चार रविवार लागले. मी काय केलं? मी रंग दिला. आणि व्हिडीओ काढले.

चौथ्या रविवारी हात पुसत मामा म्हणाले, "म्याडम, एक इचारू का?"

"विचारा की."

"तिथं बोर्ड लागंल ना. खाली बारीक अक्षरात माझं नाव येईल का? आई हाय अजून. तिला वाटतंय मी कॉलेजात निस्ती झाडलोट करतो. एकदा तिला आणून दाखवावं म्हणलं."

मी म्हटलं, "मामा, बारीक कशाला? मोठं टाकते."

मी खरंच टाकणार होते. घरी बसून फ्लेक्सचं डिझाइन केलं. वर मॉडेलचं नाव, मग माझं, मग कॉलेजचं, प्राचार्य सरांचं. शेवटी एक ओळ टाकली, 'निर्मिती सहाय्य', आणि पुढं जागा मोकळी ठेवली. उद्या मामांना पूर्ण नाव विचारू आणि भरू, असं म्हणून. फोनमध्ये त्यांचा नंबर 'लॅब मामा' नावानं होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा भेटायच्या आधीच प्राचार्य सरांनी बोलावलं. डिझाइन बघितलं, त्या ओळीवर लाल पेननं आडवी रेघ मारली.

"हे काय? शिक्षक गट आहे ना? शिक्षकेतराचं नाव दिसलं तर बाद करतील आपल्याला."

"सर, पण मामांनी लय काम केलंय यात."

"केलं असेल. ते त्यांचं कामच आहे." मग समोरचा दुसरा कागद सरळ केला. पुढच्या वर्षीच्या तासिकांची यादी होती ती. "तुमचे तास मी धरलेत बरं का."

मी म्हणाले, "हो सर."

तीन सेकंद लागले असतील. मोकळी जागा खोडणं लय सोपं असतं. तिथं नाव असतं तर कदाचित मी अजून एकदा तरी बोलले असते. कदाचित. हे पण मी आज स्वतःला सांगायलेय.

स्पर्धेच्या नियमांचं पत्रक नंतर माझ्या हाती पडलं. बाद करायचा असला कुठलाच नियम त्यात नव्हता. उलट अर्जात एक रकानाच होता, 'साहाय्यकाचे नाव'. आमच्या अर्जात तिथं रेघ होती.

मामांना मी सांगितलं नाही. सांगायचं होतं. रोज ठरवायचे, आज सांगते. ते किल्ली घेऊन यायचे, "म्याडम, बोर्ड झाला का?" मी म्हणायचे, "झाला, छापायला दिलाय."

प्रदर्शनाच्या दिवशी मामा आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. खिशात कंगवे नव्हते, हे मला लगेच दिसलं. सोबत मामी, आणि आई. एवढीशी म्हातारी, काठीच्या आधारानं चालणारी, हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर. सकाळच्या गाडीनं गंगाखेडहून आणलं होतं तिला. तिनं गर्दीत मान वर करून मामांना नावानं हाक मारली, आणि म्हणाली, "कुठंय रं तुजं?"

नावानं हाक मारली. त्या सबंध हॉलमध्ये मामांचं नाव एकदाच घेतलं गेलं, माझ्यापासून चार हातांवर. मी तेव्हा परीक्षक कोणत्या टेबलापर्यंत आलेत ते बघत होते.

मामी चौथीपर्यंत शिकलेल्या. त्या फ्लेक्सपुढं गेल्या आणि एकेका शब्दाखाली बोट धरून मोठ्यानं वाचायला लागल्या. मॉडेलचं नाव वाचलं. माझं नाव वाचलं, पदवीसकट. कॉलेजचं. प्राचार्य सरांचं, सगळ्या डिग्र्या. बोट खालच्या कडेला आलं. खाली छापखान्याचा फोन नंबर होता, तो पण वाचला त्यांनी.

मग वळल्या. "तुमचं न्हाई ह्याच्यात."

मी मामांकडं बघू शकले नाही. टेबलावरचा पांढरा कपडा नीट करायला लागले. नीटच होता तो.

मामा म्हणाले, "मागं हाय."

"मागं?" आई म्हणाली.

"फळीच्या मागच्या अंगाला. आसल्या कामाचं नाव मागंच असतंय."

"मागं कोण बगतंय?"

"जे उचलतंय ते बगतंय."

आईला ते पटलं. तिनं मान हलवली आणि मग खाली लोंबणारी दोरी हातात घेतली, बोटांनी चाचपली. "ही माजी हाय." मामांनी तिच्याच हातानं दोरी ओढायला लावली. कंगवे सरकले. मामा तिला सांगायला लागले, वाख, सुतळी, पेड, आणि म्हातारी एकदम म्हणाली, "मंग हे तर दोरावानीच झालं की. आतलं ओढतंय, वरलं दिसतंय." पदवी नाही, शाळा नाही, अर्ध्या मिनिटात कळलं तिला. एक हात काठीवर होता, दुसरा तिनं दोरी सोडून दंडावर नेला.

तेवढ्यात परीक्षक आले. मामा कोणी न सांगता बाजूला झाले, आईला आणि मामींना घेऊन. मी बोलायला लागले. "बघा सर, एकूण लांबी कमी झाली का? झाली. दात आखूड झाले का? नाही. दात तेवढेच, फक्त सरकलं." परीक्षक खूश. एक जण म्हणाले, "काय सोपं करून सांगता हो तुम्ही. कुठं सुचलं?"

मी म्हटलं, "शिकवता शिकवता सर."

पहिला नंबर आला. स्टेजवर बोलावलं, हातात माइक दिला, दोन शब्द बोला म्हणाले. मी दोन शब्दांत कधी थांबलेय? प्राचार्य सरांचे आभार मानले, संस्थेचे मानले, सहकाऱ्यांचे, आईवडिलांचे, विद्यार्थ्यांचे. शेवटच्या रांगेमागं मामा उभे होते आणि डोक्याच्या वर हात नेऊन टाळ्या वाजवत होते. माइक माझ्या हातात होता. मी दुसऱ्या हातात ती ट्रॉफी अशी घट्ट धरली होती की खाली उतरल्यावर बोटं दुखत होती.

सोमवारी मामा आले, रोजच्यासारखी टेबलावर लॅबची किल्ली ठेवली. "किल्ली." एवढंच. भांडले नाहीत, रुसले नाहीत. मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी सर म्हणाले म्हणून..." ते म्हणाले, "फळा पुसायचाय का?"

पण त्यानंतर वर्गाच्या दारात कधी उभे राहिले नाहीत. खिशात कंगवे परत दिसले नाहीत. मी एकदा मुद्दाम वर्गातून हाक मारली, "मामा, या, कॅल्शियमचं सांगा पोरांना." स्टोअररूममधून आवाज आला, "तुमीच सांगा म्याडम. तुमाला येतंय की आता."

जूनमध्ये नवीन ठेकेदार आला, त्यानं त्याची माणसं आणली. मामा गेले हे मला आठवड्यानं कळलं, तेही कुलूप कोणाला उघडेना म्हणून. निरोप समारंभ नाही. ठेकेदाराच्या माणसाला निरोप देत नसतात, असं क्लार्क म्हणाला. ते बीकर पण कोणीतरी धुऊन बाकीच्यांत मिसळून टाकलं. चिठ्ठी निघाली असणार.

तर आज. त्या पोरीला 'हो' म्हणाले, तास संपवला, आणि सगळे गेल्यावर मी मॉडेल उचलून उलटं केलं. मागं त्यांचं नाव असणार. वर्षभर मी हेच धरून चालले होते. त्यांनी स्वतः सांगितलं होतं ना, मागं हाय. मला वाटायचं, चला, कुठंतरी आहे तरी.

मागं पेन्सिलनं लिहिलंय, त्याच छापल्यासारख्या अक्षरात. 'उजवीकडून उचला. डावा खिळा ढिला आहे.'

बस. दुसरं काही नाही. फळी मोबाईलच्या टॉर्चनं बघितली, कडा बघितल्या, कंगव्यांच्या खाली बघितलं. नाव नाही. कधीच नव्हतं.

मी मार्कर घेतला. म्हटलं, आत्ताच्या आत्ता लिहिते, पुढच्या बाजूला, ठळक. टोपण काढलं, टोक फळीला लावलं.

आणि मला त्यांचं नाव येत नव्हतं.

तिथं एक काळा ठिपका झालाय, तो अजून आहे. पहिलं अक्षरसुद्धा माहीत नव्हतं मला. ऑफिसात पळत गेले. क्लार्कनं फाइल काढली, ठेकेदाराच्या कागदावर 'परिचर, एक' एवढंच. वीस वर्षं त्यांच्यासोबत काढलेल्या एका जुन्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "मामांचं नाव? अगं, मामा. मामाच ना." आणि वर, "गंगाखेडकडचे होते बघ." आमच्याकडं नवीन माणूस भेटला की आधी आडनाव विचारतात. मला पहिल्याच दिवशी सात जणांनी विचारलं होतं. मामांना कोणालाच विचारावंसं वाटलं नव्हतं, आणि त्या कोणात मी पण आले.

'लॅब मामा'ला फोन लावला. उचलला.

"हॅलो मामा, मी म्याडम बोलतेय. लॅबमधली."

"कोणत्या म्याडम?"

मी माझं नाव सांगितलं. पूर्ण.

"हां. बोला की." मागून पाण्याचा आवाज येत होता. म्हणाले, येलदरीला असतात आता, धरणावर मासे धरणाऱ्यांची फाटलेली जाळी नीट करून देतात. "दोराचंच काम हाय. जमतंय."

"मामा, तुमचं पूर्ण नाव सांगा ना."

"कामून?"

"मॉडेलवर लिहायचंय. पुढं. आणि पोरांना पण सांगते, आजच सांगते, ग्रुपवर टाकते, सगळीकडं..." मी भडाभडा बोलत सुटले. ते थांबले माझं संपेपर्यंत.

"आई गेली म्याडम."

"कधी?"

"झाले की तीन-चार महिने. तिकडून आल्यावर लय दिवस सांगत होती गल्लीत. माझ्या पोराचं नाव हाय तिथं, मागल्या अंगाला. तिच्यापुरतं लिहून झालंय ते. आता कोणाला दाखवायचं?"

"तरी पण सांगा ना मामा. प्लीज."

"मामा लिहा की. तिथं सगळ्याला तेवढंच कळतंय." आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "डावा खिळा ठोकला का?"

"नाही."

"मंग उजवीकडनंच उचलीत जा." आणि फोन ठेवला.

मॉडेल माझ्या समोर टेबलावर उलटं पडलंय. मार्करचा ठिपका वाळलाय. भिंतीवर माझ्या नावाचं सर्टिफिकेट आहे, लॅमिनेशन केलेलं, आणि बाहेर दुसऱ्या तासाची पोरं आलीत, दार वाजवायलीत.

तुम्ही वाचायलात ना हे, मग एक सांगा. तुमच्या शाळेत, कॉलेजात, ऑफिसात पण एक मामा असतील, घंटा देणारे, दार उघडणारे, किल्ली आणून ठेवणारे. त्यांचं नाव काय होतं? पूर्ण नाव, कोणाला न विचारता. येतं का सांगता? की तुमचंही माझ्यासारखंच झालंय?